भांडलेल्यांची साक्ष

आमच्या घरमालकांना कुणाचं भांडण मिटलं की वाईट वाटायचं. ते कुणाचं वाईट चिंतणारे होते असं नाही. शेजारच्या दोन जावा तीन वर्षांनी एकमेकींशी बोलायला लागल्या, तर तोंडदेखलं "बरं झालं" म्हणायचे. मग वर गॅलरीत येऊन खुर्चीत बसायचे, दोनशे पानी वहीतलं एक पान शोधायचे आणि त्यावर पेन्सिलीने तिरकी रेघ मारायचे. "अजून दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या होत्या गं त्यांना," असं म्हणताना त्यांचा चेहरा खरोखरच उतरलेला असे.

मी तेव्हा अंबरनाथला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली होती. खाली काका-काकू, वर मी. माझ्या खोलीबाहेर एक गॅलरी होती, आणि खोली भाड्याने दिली तरी गॅलरीवरचा हक्क काकांनी काही सोडला नव्हता. कारण तिथून चौक दिसायचा आणि चौकातली बाग. बाग म्हणजे फार मोठी नव्हे. सहा बकुळी, दोन कडुलिंब, एक घसरगुंडी, एक झोपाळा आणि पाच बाक. भोवताली आता चारमजली इमारती आहेत, पण पूर्वी तिथे फाळणीनंतर आलेल्या लोकांच्या बराकी होत्या आणि मधल्या रिकाम्या जागेत सगळ्यांना मिळून एक नळ होता. तो नळ जाऊन जमाना झाला, तरी बागेला सगळे नळबागच म्हणतात. तिचं पाटीवरचं नाव वेगळं आहे. ते सांगितलं तर रिक्षावाला भलत्याच कॅम्पात नेऊन सोडतो.

काका पाणीखात्यात वॉलमन होते. जमिनीखालचे व्हॉल्व्ह लांब लोखंडी चावीने फिरवायचे, या गल्लीचं पाणी सोडायचं, त्या गल्लीचं बंद करायचं, हे काम त्यांनी नोकरीभर केलं. त्यांचं मूळ गाव बारवी धरणाकडचं. "आमच्याकडचंच पाणी हाय, मी नुसता मागून आलो," असं ते सांगायचे. कामात फार कडक. लोक त्यांच्या चावीवर घड्याळ लावायचे म्हणे. कुणी चोरून लाइनीला पंप लावला की हे दारात उभे, आणि पंप उचलून सरळ सायकलच्या कॅरिअरवर. बायका शिव्या द्यायच्या, पुरुष चहा विचारायचे. काकांवर दोन्हीचा परिणाम होत नसे.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक सकाळी फिरायला लागले, कुणी भजनाला बसायला लागले. काकांनी नळबागेचा इतिहास लिहायला घेतला. कागदपत्रं म्हणाल तर काही नव्हती. जे काय होतं ते लोकांच्या डोक्यात, आणि लोक तर वाटेल ते सांगतात. त्यावर काकांकडे एक उपाय होता, आणि तो त्यांनी नोकरीतूनच आणला होता. एखाद्या गल्लीतून पाणी न आल्याची तक्रार आली की ते तक्रार करणाऱ्याकडे जातच नसत. त्या गल्लीत कोण कुणाशी बोलत नाही हे त्यांना पाठ असायचं. त्या दोन घरांत वेगवेगळं जाऊन विचारायचं. दोघांनीही पाणी नाही म्हटलं, तर खरंच पाणी नाही.

"एकटा माणूस चुकतो," ते मला समजावून सांगत. "दोन मित्र असले तर आधी चहा पिताना ठरवून येतात. पण भांडलेली माणसं? एक 'हा' बोलला की दुसऱ्याच्या जिभेवर 'ना'च येतो. तरीपण दोघं एकच बोलले, म्हणजे समज, देवाला पण बदलता येणार नाय."

तर इतिहासालाही हाच नियम. वहीत चार रकाने आखलेले होते: गोष्ट, पहिला साक्षीदार, दुसरा साक्षीदार आणि भांडणाचं कारण. नळ पूर्वेच्या कोपऱ्यात होता. साक्षीदार खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आणि त्यांच्याच डोक्यावर राहणाऱ्या बाई. कारण, वाळत घातलेल्या गोधडीचं पाणी. घसरगुंडी आधी आली, झोपाळा नंतर. साक्षीदार दोन निवृत्त क्लार्क. कारण, स्कूटर कुठे लावायची. मी ती वही पुष्कळदा चाळली आहे. बागेची माहिती त्यात पानभर होती, आणि शेवटच्या रकान्यात अख्ख्या चौकाची अब्रू. काकू ती वही देवघराच्या वरच्या फळीवर ठेवायच्या, देवाच्या भीतीने तरी कुणी हात लावणार नाही म्हणून.

नियम कडक असल्यामुळे काही चांगल्या गोष्टी वाया गेल्या. बागेत एकेकाळी पिंजऱ्यात हरिण होतं, हे कॅम्पातलं कुणीही सांगेल. मलाही तिघाचौघांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. पण ते सगळे एकमेकांचे मित्र. काकांनी शेवटी दोन पक्के वैरी गाठले. एक म्हणाला हरिण होतं. दुसरा म्हणाला, "हरण कसलं, बकरी होती. शिंगं मोठी होती म्हणून लोक फोटो काढायचे." काकांनी दोन महिने तिसरा-चौथा वैरी शोधला आणि मग हरणावर फुली मारली. त्यांना स्वतःला ते हरिण आठवत होतं. "मी त्याला पाला घातलाय," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. पण वहीत नाही म्हणजे नाही.

संक्रांत हा त्यांच्या मते वर्षातला सर्वांत वाईट सण. दिवसभर माणसं तिळगूळ घेऊन एकमेकांच्या दारात जाणार आणि नको तिथे गोड बोलणार. त्या दिवशी ते गॅलरीतून हलत नसत. कोण कुणाच्या जिन्यात शिरलं याच्यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणते साक्षीदार शिल्लक राहिले हे बघायला फेरी. काकू मुद्दाम जास्त तिळगूळ करायच्या आणि भांडलेल्या घरी हटकून जायच्या. "बाई, तू इतिहास बुडवतेस माझा," काका कळवळून म्हणायचे. काकू म्हणायच्या, "तुमचा इतिहास राहू दे, त्यांचा संसार होऊ दे."

नियम चौकात सगळ्यांना माहीत होता, त्यामुळे त्याचा फायदा घेणारेही निघाले. कोपऱ्यावर फर्निचरचं दुकान चालवणारे दोन भाऊ होते. बागेतला पहिला बाक आमच्या वडिलांनी दिला, असं वहीत यावं अशी त्यांची फार इच्छा. पण दोघं भाऊ एका ताटात जेवणारे, त्यांची साक्ष कोण घेणार. मग एका रविवारी सकाळी नऊ वाजता चौकाच्या मधोमध दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. धाकट्याने खुर्ची उचलली, थोरल्याने स्वतःचाच शर्ट ओढला. काका शांतपणे गॅलरीतून बघत होते. दुपारी ते त्यांच्या दुकानावरून सहज चक्कर मारून आले आणि म्हणाले, "खोटं हाय. धाकट्याचा डबा अजून थोरल्याच्या घरून येतोय. खऱ्या भांडणात पहिला डबा बंद होतो."

हे दोघांच्या कानावर गेलं. नाटक नीट वठावं म्हणून त्यांनी डबा बंद केला. मग डबा कुणी बंद केला यावरून बायका बोलल्या, बायकांवरून भाऊ बोलले, आणि बोलता बोलता दुकानातलं जुनं काहीतरी निघालं. सहा महिन्यांत त्यांच्या दुकानाच्या मध्ये प्लायवूडची भिंत उभी राहिली. तेव्हा काका वही घेऊन गेले. थोरल्याला एकटा गाठून विचारलं, तसाच धाकट्याला. दोघंही एकच बोलले. बाक बापाने दिलेला नव्हता, स्टेशनाजवळच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून उचलून आणला होता. काकांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. त्या दोघांचं पुढे काकूंनीच जमवून दिलं, पण बाकाची नोंद तशीच राहिली.

आता इतक्या भांडणांची माहिती ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःचं एखादं भांडण असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ते मला काकूंनी सांगितलं. बागेच्या पलीकडे, आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, पापडाचं एक जुनं दुकान आहे. दुकानाचे सिंधी शेठ आणि आमचे काका एकेकाळचे जिवलग. सकाळचा पहिला चहा काकांनी कधी घरी घेतला नाही, तो शेठकडेच. पुढे शेठच्या मुलीचं लग्न ठरलं. मे महिना, पाण्याची कपात सुरू, घर पाहुण्यांनी भरलेलं. शेठने काकांना सांगितलं, आमच्या बाजूचं पाणी फक्त दहा मिनिटं जास्त सोड. काकांनी सोडलं नाही. नियम तो नियम. ऐनवेळी टँकर मागवावा लागला, तो उशिरा आला, आणि व्हायची ती शोभा झाली. लग्नानंतर शेठ भर चौकात काकांना म्हणाले, "तू आदमी नहीं है. तू चाबी है." त्यालाही वीसेक वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

"आणि लग्नाला?" मी विचारलं.

"मी गेले होते," काकू म्हणाल्या. "हे इथे गॅलरीत बसून सनई ऐकत होते."

मी तिथे राहायला आल्याच्या चौथ्या वर्षी बागेचं सुशोभीकरण निघालं. नवीन दिवे, नवीन फरशी आणि दरवाज्याशी काळ्या दगडावर बागेचा इतिहास. नगरसेवक स्वतः काकांकडे आले आणि म्हणाले, काका, तुम्हीच द्या, पण पाच ओळींत बसवा, दगड लहान आहे. काका आठ दिवस हवेत होते. वही पुन्हा पुन्हा वाचून त्यांनी चार ओळी पक्क्या केल्या: बराकी, नळ, घसरगुंडी आणि कुंपण. हॉटेलातून आणलेला बाक काकूंनी घालू दिला नाही. पाचव्या ओळीला काका अडले. दगड कोरणारा दोनदा येऊन गेला.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं. काकूही आल्या होत्या. वहीचं शेवटचं पान उघडं होतं, आणि पहिल्या साक्षीदाराच्या रकान्यात काकांनी स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. गोष्टीचा रकाना मात्र कोरा होता.

"ही झाडं कशी जगली, कधी विचार केलास?" ते म्हणाले. "इथे माणसांना पाणी नव्हतं. मग सहा बकुळी कुणाच्या पाण्यावर वाढल्या?"

मला खरंच कधी हा प्रश्न पडला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. नळ बंद झाल्यावर त्या जागेवर नुसता कचरा पडायचा. पण एका कोपऱ्यात, जमिनीखालच्या पाइपाच्या जोडाला गळती होती, आणि तेवढ्याच तुकड्यात गवत उगवलं होतं. गळती दिसली की कळवायची, हे काकांचं काम. अर्ध्या दिवसात जोड बसला असता. काकांनी कळवलं नाही. गावाकडून ते बकुळीची रोपं घेऊन आले आणि कुदळ घेऊन आले शेठ. शेठने त्या गळतीपासून सगळ्या रोपांपर्यंत हातभर खोल पाट खोदला आणि वर विटा टाकून झाकला. सात वर्षं ती गळती चालू होती. दर महिन्याला खात्याच्या रजिस्टरात काका त्या चौकापुढे "ठीक" असं लिहीत. पुढे नवीन लाइन पडली, गळती आपोआप गेली, पण तोवर झाडांनी मुळं धरली होती.

"गळतीवर झालेली बाग हाय ही. माझ्या चोरीवर," ते म्हणाले. "आणि पाट त्याने खोदला. हे त्याला आणि मलाच माहीत."

मला एकदम कळलं की दहा मिनिटांचं ते भांडण दहा मिनिटांचं नव्हतंच. ज्याने झाडांना सात वर्षं चोरून पाणी दिलं, त्याने आपल्या मुलीच्या लग्नाला दिलं नाही, हे शेठना ठाऊक होतं. दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते कुणाला सांगूही शकत नव्हते.

काकू चिडल्या होत्या. "आता कशाला हे? लोक तोंडात शेण घालतील. ज्यांचे पंप उचललेत ते सगळे अजून जिवंत आहेत."

"असू देत. फलक माझ्या सांगण्यावरून लागणार. त्याच्यात मी कसा लपू?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी मला वाटलं, मित्राला दिलं तर लोक बोलतील, हा आपल्या माणसाला देतो. झाडांच्या वेळी कुणी बघत नव्हतं, म्हणून दिलं. एवढीच माझी कडक शिस्त. तू जा त्याच्याकडे. बाग कशी झाली, एवढंच विचार. मी काय बोललो ते सांगू नको. तो पण गळती बोलला, तर उद्या कोरायला देतो. त्याच्या नावासकट."

मी गेले. शेठ दुकानाच्या मागच्या खोलीत पलंगावर बसले होते, गुडघ्यांवर शेकायची पिशवी. मी काही बोलायच्या आधी त्यांच्या सुनेने पाणी आणि भाजलेला पापड पुढे ठेवला. मी पापड मोडेपर्यंत शेठ माझ्या हातातल्या वहीकडे बघत होते.

"उसने भेजा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "पूछ, बेटी."

"नळबाग कशी झाली?"

त्यांनी पापडाची ताटली माझ्याकडे आणखी सरकवली. मग म्हणाले, "ये जो पत्थर लगनेवाला है, उसपे लिखेंगे? सब लोग पढेंगे?"

मी म्हटलं, हो, अगदी दरवाज्याशीच लागणार आहे.

"तो लिख ले. बाग पाऊस से हुई. पाऊस पडला, झाड मोठा झाला. गळती-बिळती काय नव्हता." त्यांनी गुडघ्यावरची पिशवी सारखी केली. "तुझा काका बहुत सख्त माणूस होता. एक बूंद इधर का उधर नहीं. मेरी बेटी के शादी में दस मिनट पाणी नाय दिला, पूरा कॅम्प को मालूम है. ऐसा आदमी गळती रखेगा? लिख, मैं साइन करता हूं."

आणि त्यांनी खरोखरच दुसऱ्या साक्षीदाराच्या रकान्यात मोठ्या सिंधी अक्षरात सही केली.

परत येताना मला काकांच्या तोंडाकडे कसं बघायचं हे कळत नव्हतं. ते गॅलरीत पेन उघडून बसले होते. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग विचारलं, "गळतीचं तू काढलंस?"

"नाही. तुम्ही सांगू नको म्हणाला होतात."

"मग त्याने गळतीचं नाव कुठून घेतलं?"

मी वही त्यांच्यापुढे केली. काकांनी वही मांडीवर ओढली, शेठच्या सहीवर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहू दिलं. ते रडत होते. मी त्यांना आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं, पण त्यांना वाईट वाटत नव्हतं हे मला दिसत होतं.

"बाद," काका म्हणाले. "ही साक्ष बाद."

"का? खोटं बोलले म्हणून?"

"खोटं तर सगळेच बोलतात. हा माझ्यासाठी खोटं बोलला. माझं नाव जाऊ नये म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "भांडलेला माणूस असं करत नाय, पोरी. हा भांडलेलाच नाय. किती वर्षांपास्नं नाय, कुणास ठाऊक."

मग ते उठले, शर्ट बदलला आणि बागेतून सरळ पलीकडे गेले. काकूंनी मला गॅलरीत थांबू दिलं नाही. "त्यांचं त्यांना बोलू दे," म्हणाल्या, आणि स्वतः मात्र दाराच्या फटीतून बघत राहिल्या.

नळबागेच्या दरवाज्याशी तो काळा दगड आहे. त्यावर चारच ओळी आहेत आणि खाली एका ओळीची जागा कोरी. मी आता बदलापूरला राहते, पण उल्हासनगरला गेले की तिकडे डोकावते. संध्याकाळी दोघंही तिथेच असतात. काका अजून वही सोडत नाहीत, पण पाचवी ओळ आता कधीच भरणार नाही. तिचे साक्षीदार दोनच, आणि ते रोज एका बाकावर बसतात.